भाडेकरूंची होडी

दादाला कुणी विचारलं की तुम्ही काय काम करता, तर तो सांगायचा, हमाली. लोक त्याच्या जाड चष्म्याकडे आणि इस्त्रीच्या शर्टाकडे बघून हसायचे. पण तो थट्टा करत नसायचा. एका कन्सोलसाठी बनवलेला गेम उचलायचा आणि दुसऱ्या कन्सोलवर नेऊन ठेवायचा, हेच त्याचं काम. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा तो डबा, ज्यावर पोरं आणि हल्ली पोरांचे आईबापसुद्धा गेम खेळतात. प्रत्येक कंपनीच्या डब्याची आतली रचना वेगळी, मेमरी कमीजास्त, हातात धरायचा कंट्रोलर निराळा. घर बदलताना कपाट नव्या दारातून जात नाही, पलंगाचा पाय जिन्यात अडकतो, तशातली गत. दादा एकवीस वर्षं कपाटं तिरकी करून आत घालत होता.

मी त्याच्या शेजारच्या टेबलावर. मी टेस्टर. घरच्यांना वाटतं, ही दिवसभर गेम खेळते आणि फुकटचा पगार घेते. एकच दार चारशे वेळा उघडून ते चारशे एकाव्या वेळी अडकतं का, हे बघण्यात काय मजा आहे ते त्यांनी येऊन बघावं. मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. दादा माझा कुणी नात्यातला नव्हता. सगळं ऑफिसच त्याला दादा म्हणायचं, मालकीण असलेल्या मॅडमसुद्धा.

आमच्या धंद्यात एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. त्या दांडीवाल्या कन्सोलवर बाहेरच्यांचे गेम चालत नाहीत. दांडीवाला कन्सोल म्हणजे ज्याचा कंट्रोलर एका मुठीत मावणाऱ्या दांडीसारखा होता. ती हवेत हलवली की पडद्यावरचं हलायचं. आणि बाहेरचे म्हणजे आम्ही, ज्यांनी तो डबा बनवलेला नाही ते सगळे. डबा बनवणाऱ्या कंपनीला दादा घरमालक म्हणायचा आणि आम्हाला भाडेकरू. घरमालकाचे स्वतःचे गेम तिथे धो धो खपायचे. आमचे एकापाठोपाठ एक तीन आपटले होते. चौथ्याच्या वेळी मॅडमनी मीटिंग बोलावली आणि म्हणाल्या की आता तिकडे जायलाच नको.

दादा मीटिंगमध्ये कधी बोलायचा नाही. वहीच्या कोपऱ्यात चौकोन काढत बसायचा. त्या दिवशी त्याने पेन खाली ठेवलं.

"मॅडम, आपण तिथे दरवेळी उरलेलं नेऊन वाढलंय," तो म्हणाला. "बाकीच्यांना गेम ताजा देतो, यांना वर्षाने. चित्रं पुसट करतो, कारण मेमरी कमी. बटणं तीच ठेवतो, कारण वेळ नाही. घरमालक दांडी हातात धरून गेमचा विचार करतो, आपण गेम झाल्यावर दांडीचा. मग तो खपत नाही. खपत नाही म्हणून पुढच्या वेळी आपण आणखी दोन माणसं कमी करतो. आणि खापर फोडतो यंत्रावर."

एवढं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होते. पुढे त्याने सांगितलं की त्या कन्सोलपुढे बसणारा माणूसच वेगळा असतो. ज्याने आयुष्यात गेम खेळलेला नाही असा, सोफ्यावर चौघांत बसून खेळणारा, किंवा ज्याला दोन्ही हातांनी बारा बटणं दाबता येत नाहीत असा. तो माणूस आपण कधी डोळ्यांपुढे आणलाच नाही.

मॅडम वाईट बाई नव्हत्या. ऐकून घेतलं, आणि आठ महिने दिले, पाच माणसं दिली. गेम सगळ्या कन्सोलवर एकाच दिवशी येईल, दांडीसाठी वेगळा बनवला जाईल, हेही कबूल केलं. पण हाही आपटला तर तुमचा विभाग बंद, मला दुसरा इलाज राहणार नाही, असं त्यांनी तिथेच सांगितलं. दादा त्रेपन्न वर्षांचा होता. आमच्या धंद्यात त्रेपन्नाव्या वर्षी नवीन दार उघडत नाही. मला वाटलं त्याला त्याची भीती असेल. ती होतीच, पण तिच्याखाली आणखी एक भीती होती.

ती कळली दादाच्या घरी, वहिनींकडे गेल्यावर. बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. खिडकीशी शिलाई मशीन, त्यावर फुलाफुलांचं कापड घातलेलं. वहिनी कपडे शिवायच्या. दारातून माणूस आत आला की नुसत्या नजरेने त्याच्या खांद्याचं माप सांगायच्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. उजवा हात राहिला, पण पूर्वीचा नाही. तेव्हापासून मशीन झाकलेलं आणि वहिनी भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. दादाने नाना तऱ्हेचे गेम घरी आणून पाहिले. सगळ्यांना दोन हात लागायचे. दांडीला एक पुरायचा.

"घरमालकाचे सगळे खेळून झाले तिचे," दादा जिना उतरताना मला म्हणाला. "उड्या मारणारे प्राणी, टेनिस, सगळं. तिला गोष्ट हवी असते गं. सुरुवात असलेली, शेवट असलेली."

आमच्या गेममध्ये गोष्ट होती. धुकं दाटलेल्या नदीवर एक नावाडीण माणसांना पैलतीरी नेते आणि वाटेत ती माणसं तिला मनातलं सांगतात. बाकीच्या कन्सोलवर होडी बटणाने चालायची. आमच्याकडे दादाने दांडीचं वल्हं केलं. मुठीत धरायची आणि मागे ओढायची. मनगट वळेल तशी होडी वळायची. त्याने वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर पाण्यावर तरंग उठवले, जोराने मारलं तर मोठा, हलक्याने मारलं तर बारीक. असे तरंग दुसऱ्या कुठल्याच कन्सोलवर नव्हते. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी, जिला गेम बघूनही मळमळतं, ती अर्धा तास नुसती वल्हवत बसले होते.

आता यंत्रांचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. घरमालक भाडेकरूंना दोन तऱ्हेची यंत्रं द्यायचा. एक मोठं, प्रोग्रामरसाठी. त्यात मेमरी दुप्पट, कारण गेमबरोबर आमची हत्यारंही त्यात मावली पाहिजेत. दुसरं दुकानी. म्हणजे दुकानात मिळतं हुबेहूब तसंच, फक्त अर्धवट गेम चालावा म्हणून कुलूप काढलेलं. घरमालकाच्या स्वतःच्या लोकांकडे अशा दुकानी यंत्रांच्या थप्प्या लागलेल्या असायच्या. आम्हाला आलं एक. मागितलं तर उत्तर यायचं, यादीत नाव आहे, वाट पाहा.

तिसऱ्या महिन्यात दादाने ते एकुलतं एक दुकानी यंत्र कापडी पिशवीत घालून घरी नेलं. ऑफिसबाहेर न्यायला बंदी होती, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. वहिनींकडून खेळवून बघतो, तिला जमलं तर कुणालाही जमेल, असं तो म्हणाला. मी म्हटलं, ने, कोण बघतंय.

आणि वहिनी खेळायला लागल्या. दर सोमवारी दादा त्यांची वही घेऊन यायचा. शिवणकामाची मापं लिहायची जुनी वही, मागच्या पानांवर वाकडंतिकडं अक्षर. होडीवरचा कंदील फार लवकर विझतो. होडीत बसलेल्या डॉक्टरचं बोलणं खोटं वाटतं, डॉक्टर इतकं गोड बोलत नाहीत. म्हातारीला उतरवताना वाईट वाटलं. खाली रोजची वेळ टाकलेली. सव्वा तास. दीड तास. एक तास दहा मिनिटं. मी तेरा वर्षं टेस्टिंग करते, पण इतकं उपयोगाचं मला कधी लिहिता आलं नाही. त्या वहीवरून दादाने कंदील बदलला, डॉक्टर बदलला. वहिनी आता भिंतीकडे बघत नाहीत, सकाळी उठल्या की दांडी मागतात, हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा की मी मुद्दाम दुसरीकडे बघायचे.

शेवटचा आठवडा आला. माझ्यापुढे दोनशे चौदा ओळींची यादी होती. प्रत्येक ओळीपुढे टिक करायची आणि मगच गेम घरमालकाकडे तपासणीला पाठवायचा. एकशे नव्वदावी ओळ अशी होती की दुकानी यंत्रावर सलग तीन तास खेळून पाहिला. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, उद्या यंत्र घेऊन येतो, चालवून बघ.

यंत्र आणायचं, जोडायचं, तीन तास वल्हवायचं, म्हणजे माझा अख्खा दिवस. माझ्या अजून चोवीस ओळी बाकी होत्या आणि मी वैतागले होते. मी म्हटलं, वहिनी पाच महिने रोज तास-दीड तास खेळतायत, कधी बंद पडला का. तो म्हणाला, एकदाही नाही. मग राहू दे, मी म्हटलं, आणि टिक केली.

घरमालकाची तपासणी पार पडली. गेम बाजारात आला. पहिल्या सकाळी त्या कन्सोलवर आमचे आधीचे तीन मिळून जेवढे खपले नव्हते तेवढा तो एकटा खपला. कुणीतरी लिहिलं की बाहेरच्या कंपनीने दांडीचा असा उपयोग केलेला पहिल्यांदाच पाहिला. दादाने ते वाक्य मला तीनदा वाचून दाखवलं. चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ लावलाच नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर पहिली तक्रार आली. होडी मधेच थांबते, पडदा गोठतो, डबा बंद करून पुन्हा चालू करावा लागतो आणि मागच्या किनाऱ्यापासूनचं सगळं जातं. मग दुसरी, मग विसावी, मग मोजणं सोडलं. दादाने मला दुकानात पिटाळलं. मी नवा कन्सोल घेऊन आले, मीटिंगच्या खोलीत जोडला, गेम चढवला आणि न थांबता वल्हवत राहिले. दादा शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसला होता. बावन्नाव्या मिनिटाला होडी थांबली. वल्हं पाण्यात अर्धं, कंदिलाची ज्योत वाकडी, तशीच.

"तरंग," दादा म्हणाला.

त्याला एका मिनिटात कळलं. वल्ह्याच्या फटक्याने उठलेला प्रत्येक तरंग पाण्यावरून विरून जायचा, पण मेमरीतून जायचा नाही. तिथे साठत राहायचा. किनाऱ्याला लागलं की सगळं साफ व्हायचं. पण गेम आवडलेला माणूस किनाऱ्याला लागतच नव्हता, तो पुढे पुढे जात होता. आमच्या मोठ्या यंत्रात जागा दुप्पट. तिथे ती भरायच्या आत आमची जेवायची सुट्टी व्हायची. घरमालकाचे तपासनीस दर दहा मिनिटांनी होडी किनाऱ्याला लावून टिपणं काढायचे. बावन्नाव्या मिनिटाला थांबला असता तर तो दुकानी यंत्रावरच, आणि ते होतं वहिनींकडे. पण वहिनी तर दीड दीड तास खेळायच्या. त्यांच्याकडे का नाही थांबला? दादालाही तेच कळेना. ती मधेच किनाऱ्याला लागत असेल, तो स्वतःशीच म्हणाला.

दुरुस्तीला दीड दिवस लागला. सात ओळी बदलल्या, बस. पण दुरुस्त केलेला गेम पुन्हा घरमालकाच्या तपासणीतून जाणार, आणि तिथे भाडेकरूंची रांग होती. अठरा दिवस लागतील, असं उत्तर आलं. दादाने रोज पत्रं पाठवली, फोन केले, फोनवर एका अनोळखी बाईच्या अक्षरशः हातापाया पडला. मी शेजारी बसून ऐकत होते, आणि ज्या माणसाने एकवीस वर्षांत कुणाकडे सुट्टीसुद्धा नीट मागितली नव्हती त्याला असं गयावया करताना ऐकणं मला सोसत नव्हतं. नवव्या दिवशी घरमालकाचा स्वतःचा मोठा गेम आला आणि आमच्या होडीचं नाव कुणी काढेनासं झालं. अठराव्या दिवशी दुरुस्ती पोचली तेव्हा ती घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही दोघंच गेलो. मॅडमनी तेच पाठ असलेलं वाक्य म्हटलं. तिथे बाहेरच्यांचं चालत नाही, मी आधीच सांगत होते.

"चालत होतं," दादा म्हणाला. "पहिल्या सकाळी चालत होतं, तुम्ही पाहिलंत. गेम यंत्रामुळे नाही पडला मॅडम, माझ्यामुळे पडला. दुकानी यंत्र मी घरी नेलं होतं. इथे तीन तास चालवलंच नाही."

मी म्हणायला गेले की टिक माझी होती, त्याला यंत्र आणायचं होतं, मीच नको म्हटलं. त्याने माझ्याकडे न बघता, टिक कर असं मीच तिला सांगितलं, असं ठोकून दिलं. मी ते खोडून काढलं नाही.

मॅडमनी कपाळ चोळलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या की खरं असेल तुमचं, पण पैसे लावणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये मला एका ओळीत कारण द्यायचंय, आणि चार गेम म्हणजे चार गेम. दादा उभा राहिला. विभाग बंद करा, मला काढा, पण कारण यंत्राचं लिहू नका, माझ्या नावाने लिहा, असं तो परत परत सांगत राहिला. यंत्राचं लिहिलंत तर पुन्हा कुणी एका हाताचा गेम बनवणार नाही, म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. मॅडमनी त्याला पाणी दिलं. कारण यंत्राचंच लिहिलं गेलं.

महिनाअखेरीला आमची टेबलं रिकामी झाली. घरमालकाची यंत्रं परत पाठवायची होती, आणि यादीत एक दुकानी यंत्र कमी होतं. दादाच्याने ते आणवेना. उद्या आणतो, परवा आणतो, असं चार दिवस झालं. शेवटी मी म्हटलं, मी येऊन घेऊन जाते.

मी गेले तेव्हा दादा औषधं आणायला खाली गेला होता. वहिनी पलंगावर बसलेल्या, समोर टीव्ही. पडद्यावर होडी थांबलेली, वल्हं अर्धं पाण्यात. मी ते चित्र ओळखलं. वहिनींचा उजवा हात शिवणाच्या कापडी पट्टीने, दातांनी गाठ ओढून, शेजारच्या खुर्चीच्या हाताला कोपराशी बांधलेला होता आणि दांडी मुठीतून निसटून मांडीवर पडली होती. बोटं अजून थरथरत होती.

मी आधी पट्टी सोडली. मग विचारलं, हे काय वहिनी.

"ह्यांनी मला सांगितलं, गेम खपला नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "पण शेजारची म्हणाली, तो मधेच बंद पडतो, म्हणून लोकांनी टाकला. माझा तर एकदाही पडला नव्हता. म्हणून म्हटलं, आज थांबायचंच नाही. बघू काय होतं ते." त्यांनी पडद्याकडे मान केली. "घड्याळ लावलं होतं. बावन्न मिनिटं."

त्यांनीच पुढे सांगितलं. हात वीस मिनिटांत भरून यायचा. मग त्या किनाऱ्याला लागायच्या आणि बंद करायच्या. दादा घरी आला की पहिलं विचारायचा, आज किती वेळ खेळलीस. पहिल्या दिवशी त्या चुकून तासभर म्हणून गेल्या, आणि त्याचा चेहरा असा उजळला की पुढे खरं सांगणं झालंच नाही.

"वीस म्हटलं असतं तर ह्यांना कळलं असतं, हा हातही चालला," त्या म्हणाल्या. "मग वहीत तेच लिहीत गेले. मला काय माहीत, त्या वेळेवरही काही अवलंबून असतं."

मी त्यांना सांगितलं की टिक मी केली होती, यंत्र मीच आणू दिलं नाही, दोष माझा आहे. सगळं खरं होतं, आणि त्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. त्या माझ्याकडे बघत होत्या, शिंप्याच्या त्या नजरेने, माप घेतल्यासारख्या.

जिन्यावर पावलं वाजली. मी पटकन टीव्ही बंद केला. पट्टी उशीखाली सारली. दादा आत आला, औषधांची पिशवी मशीनवर ठेवली आणि माझ्याशी काही न बोलता यंत्राच्या मागच्या वायरी काढायला बसला. एक एक वायर तो हाताच्या पंजावर गुंडाळत होता, आठाच्या आकारात, ऑफिसात गुंडाळायचा तशी.

"आज किती वेळ खेळलीस?" त्याने विचारलं. मान वर न करता, सवयीने.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"रोज वीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."

दादाचा हात थांबला. अर्धी वायर पंजावर, अर्धी जमिनीवर. त्याने पलंगावरच्या वहीकडे पाहिलं, मग वहिनींच्या हाताकडे, कोपराशी पट्टीचा लाल वळ उठला होता तिकडे. मला वाटलं तो ओरडेल. त्याने ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं. तो उठला, पलंगावर त्यांच्या शेजारी बसला, त्यांचा हात मांडीवर घेतला आणि मनगटापासून वर हळूहळू चोळायला लागला. वायर त्याच्या पंजावर तशीच होती.

"दुखत होता, तर बोलली का नाहीस?" एवढंच त्याने विचारलं.

मी यंत्र पिशवीत घातलं. दांडी वहिनींच्या मांडीवरच राहू दिली आणि जिना उतरले. ऑफिसच्या यादीत कंट्रोलरपुढे मी टिक केली, परत मिळाला म्हणून.